वाचकांचे प्रश्न : कर्नलमध्ये स्वतःचा ॲलोकेटर कधी लिहावा?

या वेळी मेमरी ॲलोकेटरबद्दल, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या आणि परत घेणाऱ्या कोडबद्दल, आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे: कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मेमरी वाटणारी यंत्रणा तयार असताना आपली वेगळी का लिहायची, आणि लिहिलीच तर तिची गरज होती हे दुसऱ्याला कसं पटवायचं? प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत, आशय तोच ठेवला आहे.

प्रश्न : मी स्टोरेज ड्रायव्हरवर काम करतो. प्रत्येक रिक्वेस्टला ११०० बाइटचं एक स्ट्रक्चर लागतं आणि गर्दीच्या वेळी अशी १० हजार एकदम जिवंत असतात. केमॅलॉक (लिनक्स कर्नलमध्ये मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) टाळायला मी स्वतःची यादी ठेवली आहे. सगळी ऑब्जेक्ट सुरुवातीलाच घ्यायची आणि एका स्पिनलॉकखाली (मिळेपर्यंत सीपीयू जागीच फिरत थांबतो असा लॉक) द्यायची-घ्यायची. रिव्ह्यूमध्ये वरिष्ठांनी एवढंच लिहिलं, 'हे का हवं ते दाखवा.' काय दाखवू?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : वरिष्ठांचा प्रश्न रास्त आहे. 'केमॅलॉक हळू चालतो' एवढ्यावर ते समाधान मानणार नाहीत, आणि मानूही नये. आधी खाली काय चालतं ते पाहू.

लिनक्समध्ये सगळ्यात तळाला बडी ॲलोकेटर असतो. तो ४०९६ बाइटच्या पेजखाली काही देत नाही, आणि देतो तेही १, २, ४, ८ अशा दुपटीच्या गठ्ठ्यांत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत्याकडे पोत्याच्या हिशेबानेच माल मिळतो, तसं. त्याच्याकडून पोती उचलून किरकोळ विकणारा मंडईतला गाळेवाला म्हणजे स्लॅब ॲलोकेटर. ही रचना सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये मांडली. लिनक्समध्ये आज चालणारा स्लब त्याच घराण्यातला. केमॅलॉक म्हणजे या गाळ्यावरची ठरलेली मापं: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, आणि पुढे दुपटीने ८१९२ बाइटपर्यंत.

तुम्ही ११०० बाइट मागता तेव्हा तुमच्या हातात २०४८ चं माप पडतं. दर ऑब्जेक्टमागे ९४८ बाइट वाया. बडीकडून घेतलेल्या ३२ केबीच्या एका गठ्ठ्यात, म्हणजे एका स्लॅबमध्ये, १६ ऑब्जेक्ट मावतात, म्हणजे १० हजारांना ६२५ स्लॅब लागतात. आता त्याच स्ट्रक्चरसाठी केमेम-कॅश-क्रिएट वापरून स्वतंत्र कॅश, म्हणजे फक्त त्याच मापाच्या ऑब्जेक्टचा साठा, उघडा. ११०० चे ८ च्या पटीत ११०४ होतात, त्याच ३२ केबीत २९ मावतात, शेवटी ७५२ बाइट उरतात. १० हजारांना ३४५ स्लॅब. वाचले २८० स्लॅब, म्हणजे पावणेनऊ एमबी. ऑब्जेक्ट ६४ बाइटच्या कॅश-लाइनवरच (प्रोसेसर एका वेळी उचलतो तो मेमरीचा तुकडा) सुरू व्हायला हवं असेल तर माप ११५२ होतं, स्लॅबमध्ये २८ बसतात आणि ३५८ स्लॅब लागतात. तरीही मोठी बचत आहे. हे आकडे दाखवले की केमॅलॉक सोडण्याचं कारण सिद्ध होतं. स्वतःची यादी ठेवण्याचं कारण मात्र यातून सिद्ध होत नाही, कारण ही सगळी बचत कर्नलच्याच कॅशमधून झाली.

आता वेगाकडे येऊ. स्लब प्रत्येक सीपीयूसाठी मोकळ्या ऑब्जेक्टची वेगळी रांग ठेवतो. नेहमीच्या मार्गाने घेताना किंवा परत करताना लॉक लागतच नाही, अगदी थोड्या नॅनोसेकंदांत काम होतं. तुमच्या यादीला एकच स्पिनलॉक आहे. ३२ कोअरच्या सर्व्हरवर सगळे कोअर त्या एका कॅश-लाइनसाठी झगडतील. एका कोअरवरच्या चाचणीत तुमचा कोड पुढे दिसेल आणि खऱ्या भारात मागे पडेल. दुसरी गोष्ट, फ्लॅशवरच्या डिस्कला एक वाचन करायला सुमारे ८० मायक्रोसेकंद लागतात. त्यातले ४० नॅनोसेकंद वाचवले तर फरक दोन हजारांत एक.

वेगाच्या बाबतीत अंदाज किती चुकतात याचा एक जुना पुरावा आहे. २००२ मध्ये बर्गर, झॉर्न आणि मॅकिन्ली यांनी स्वतःचा ॲलोकेटर असलेले ८ प्रोग्रॅम तपासले. त्यांपैकी ६ प्रोग्रॅममध्ये चांगला सर्वसाधारण ॲलोकेटर तितकाच किंवा जास्त वेगवान निघाला. उरलेले दोन रीजन पद्धतीचे होते, म्हणजे पुष्कळ वस्तू एकत्र घ्यायच्या आणि एकदमच टाकून द्यायच्या. ते प्रोग्रॅम यूजर-स्पेसमधले होते, पण धडा कर्नललाही लागू पडतो.

आणि स्वतःची यादी ठेवताना काय गमावलं याचा हिशेब पॅचमध्ये, म्हणजे रिव्ह्यूसाठी पाठवलेल्या बदलात, कुणी सहसा लिहीत नाही. कासान, केफेन्स, केमेमलीक ही चूक पकडणारी साधनं कर्नलच्या ॲलोकेटरवर पहारा देतात. तुमच्या यादीत परत गेलेलं ऑब्जेक्ट त्यांच्या लेखी अजून वापरातच असतं. त्यामुळे मोकळं केल्यावर कुणी त्यात लिहिलं तरी कासान गप्प. इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित करणाऱ्या ओपन-एसएसएल लायब्ररीत अशीच स्वतःची यादी होती. २०१४ मध्ये तिच्यातली हार्टब्लीड ही सुरक्षेची चूक उघडकीला आली तेव्हा या यादीवर कडक टीका झाली, कारण सिस्टिमच्या मॅलॉकमधली संरक्षणं तिच्यामुळे निकामी होत होती. शिवाय मशीनवर मेमरीची टंचाई आली तरी तुमचे ११ एमबी अडकूनच राहतात. कर्नलला ते मागून घेता येत नाहीत, कारण तुम्ही श्रिंकर, म्हणजे टंचाईत साठा परत देणारं फंक्शन, नोंदवलेला नाही.

मोजण्याची रीत अशी. खरा भार चालू असताना लिनक्सच्या पर्फ या मोजणीच्या साधनाचं 'पर्फ केमेम रेकॉर्ड' ३० सेकंद चालवा, मग 'पर्फ केमेम स्टॅट' कॉलरनुसार पाहा. मागितलेले बाइट आणि दिलेले बाइट यांतली तफावत तिथे थेट दिसते. 'पर्फ टॉप'मध्ये स्लबचा संथ मार्ग, म्हणजे आधी तीन अंडरस्कोर असलेलं स्लॅब-अॅलॉक, वर येतोय का ते बघा. तो वर नसेल तर वेगाचा मुद्दा सोडून द्या. नवी कॅश उघडल्यावर स्लॅबटॉपमध्ये (कॅशची यादी दाखवणारी कमांड) तिचं नाव दिसलं नाही तर घाबरू नका. सारख्या मापाच्या कॅश कर्नल एकत्र करतो. मोजणीपुरतं स्लॅब-नोमर्ज देऊन बूट करा. मॉड्यूल काढताना कॉल-आरसीयूने (जुने वाचक संपल्यावर, म्हणजे उशिराने) मोकळी होणारी ऑब्जेक्ट असतील, तर कॅश नष्ट करण्याआधी आरसीयू-बॅरियर, म्हणजे उरलेले कॉलबॅक संपेपर्यंत थांबणारं फंक्शन, बोलावलाच पाहिजे. नाहीतर कॅशमध्ये ऑब्जेक्ट उरल्याचा इशारा येतो, आणि उशिराने चालणारा कॉलबॅक नाहीशा झालेल्या कॅशला हात घालतो.

प्रश्न : आमचा ब्लॉक ड्रायव्हर मेमरी संपत आली की कधीकधी पूर्ण थिजतो. स्वतःचा राखीव साठा ठेवण्यासाठी हे कारण पुरेसं आहे का?
— एक वाचक, औंध

उत्तर : साठा ठेवायला हे कारण पुरेसं आहे, पण साठ्याचा कोड लिहायला नाही. तो कर्नलमध्ये आहे, त्याचं नाव मेमपूल.

थिजण्याचं कारण असं: मेमरी कमी पडली की कर्नल बदललेली पेजं डिस्कवर लिहून मोकळी करू पाहतो. ते लिखाण तुमच्याच ड्रायव्हरमधून जातं. ड्रायव्हर रिक्वेस्टसाठी मेमरी मागतो, मागणीसोबत जीएफपी-कर्नल ही झोपायची मुभा देणारी खूण दिल्यामुळे तो मेमरी मोकळी व्हायची वाट पाहत झोपतो, आणि मेमरी मोकळी व्हायला त्यालाच लिहायचं असतं. वर्तुळ पुरं झालं. पहिली दुरुस्ती म्हणजे या वाटेवर जीएफपी-नोआयओ वापरणं. म्हणजे 'मेमरी शोध, पण त्यासाठी नवं आयओ सुरू करू नकोस.' दुसरी म्हणजे तुमच्या कॅशवर मेमपूल बसवणं.

मेमपूल आधी नेहमीच्या ॲलोकेटरकडेच मागतो. तिथे मिळालं नाही तरच राखीव साठ्याला हात लावतो. तोही संपला असेल आणि झोपायची परवानगी असेल तर कुणी ऑब्जेक्ट परत करेपर्यंत थांबतो. अशा वेळी तो नल, म्हणजे रिकामा पत्ता, कधीच देत नाही. झोपायची मुभा न देणाऱ्या जीएफपी-ॲटॉमिकने मागितलं तर मात्र नल येऊ शकतो, ते तपासावंच लागतं.

साठा किती ठेवायचा? लोक इथे हात सैल सोडतात, ५१२, १०२४ असे आकडे टाकतात. कर्नलच्या सर्वसाधारण बायो-सेटचा (डिस्कच्या रिक्वेस्टची स्ट्रक्चर देणारा पूल) राखीव साठा फक्त २ आहे. साठ्याचं काम वेग देणं नाही. एक तरी रिक्वेस्ट पुढे सरकून पुरी होईल, तिचं ऑब्जेक्ट परत येईल आणि पुढचीला मिळेल, एवढंच. तुमच्या ११००-बाइट मापाची १६ ठेवली तरी खर्च १८ केबीच्या आत.

एक सापळा सांभाळा. एकाच धाग्याने एकाच पूलमधून एक ऑब्जेक्ट धरून ठेवून दुसरं मागायचं नाही. दोन धाग्यांनी प्रत्येकी एक धरलं आणि साठा २ चा असेल, तर दोघंही कायमचे अडकतात. पहिली रिक्वेस्ट खाली पाठवून द्या, मग दुसरी घ्या. रिक्वेस्टचे तुकडे करावे लागत असतील तर प्रत्येक पायरीला वेगळा पूल ठेवा.

प्रश्न : ६ एमबीचा बफर केमॅलॉकने मिळत नाही, ४ मिळतो. मग स्वतः पेजं जोडून ॲलोकेटर लिहू का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : नको. बडीचा सगळ्यात मोठा गठ्ठा १०२४ पेजांचा, म्हणजे ४ एमबीचा असतो, म्हणून ६ कधीच मिळणार नाही. ४ सुद्धा मशीन नुकतं सुरू झालंय म्हणून मिळतोय. चार दिवसांनी सलग जागेचे तुकडे पडलेले असतील. ३२ केबीच्या वरच्या सलग मागणीसाठी कर्नल फारशी धडपड करत नाही. केव्हीमॅलॉक वापरा, तो सलग जागा नसेल तर विखुरलेली पेजं जोडून देतो; केव्हीफ्रीने मोकळं करा. बफर थेट डिव्हाइसला द्यायचा असेल तर ही मेमरी सलग नसते हे लक्षात घेऊन स्कॅटर-गॅदर यादी, म्हणजे विखुरलेल्या तुकड्यांच्या पत्त्यांची यादी, बनवा. डिव्हाइसला ती जमत नसेल तर सीएमए, म्हणजे मोठ्या सलग मागणीसाठीचा भाग, राखून ठेवा. प्रॉकखालची बडीइन्फो फाइल उघडून पाहिलीत तर उजवीकडचे रकाने कसे रिकामे होत जातात ते रोज दिसेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघी मिळून रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी छोटा कर्नल लिहितोय, क्यूएमू या आभासी मशीनवर १२८ एमबी रॅम आहे. मार्गदर्शक म्हणतात थेट बडी आणि स्लॅब लिहा. सुरुवात तिथूनच करावी का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : तुमच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. खाली तयार असं काहीच नाही, त्यामुळे ॲलोकेटर लिहावाच लागेल. पण पुढची पायरी मागची अपुरी पडेल तेव्हाच चढा. म्हणजे अहवालात प्रत्येक पायरीचं कारणही आपोआप लिहून होईल.

पहिली पायरी, फक्त पुढे सरकणारा पॉइंटर. कर्नलची प्रतिमा जिथे संपते तो पत्ता ४०९६ च्या पटीत वर चढवा आणि तिथून देत जा. परत घ्यायचं नाही. २० ओळींत होतो. पेज-टेबलची (आभासी पत्त्यांचे खरे पत्ते सांगणारा तक्ता) पहिली पानं यातूनच निघतील. लिनक्ससुद्धा बूटच्या सुरुवातीला बडी उभा राहीपर्यंत मेमब्लॉक नावाच्या साध्या यंत्रणेवर चालतो.

दुसरी पायरी, मोकळ्या पेजांची साखळी. एमआयटीचा शिकवण्यासाठीचा छोटा कर्नल एक्सव्ही-६ हेच करतो. मोकळ्या पेजच्या पहिल्या ८ बाइटमध्येच पुढच्या मोकळ्या पेजचा पत्ता लिहायचा. पेज रिकामंच असल्यामुळे वेगळी जागा लागत नाही. १२८ एमबीत ३२,७६८ पेजं होतात. एक्सव्ही-६ परत आलेलं पेज १ ने आणि दिलेलं पेज ५ ने भरतो. ही युक्ती जरूर उचला. मोकळ्या पेजमधलं कुणी वाचलं तर ०१०१०१०१ असा कचरा दिसतो आणि चूक लगेच ओळखू येते. मात्र पेज-टेबलसाठी घेतलेलं पेज वापरण्याआधी शून्याने पुसा. ते विसरलं की त्या ५ मधला बिट वैध नोंद म्हणून वाचला जातो, आणि पेज फॉल्ट भलत्याच ठिकाणी उडतो. बराच वेळ या एका चुकीत जातो.

इतपत झालं की थांबून विचारा: एकापेक्षा जास्त सलग पेजं कुणाला हवीत? आभासी डिस्कच्या रांगा एका पेजात मावत असतील तर बडीची गरजच नाही. गरज लागली तर मात्र बडी देखणा आहे. १९६५ मध्ये बेल लॅब्जच्या केनेथ नॉल्टन यांनी तो प्रसिद्ध केला. जोडीदार, म्हणजे ज्याच्याशी जोडून दुप्पट गठ्ठा होतो तो शेजारी, शोधायला पेज क्रमांक आणि गठ्ठ्याचं माप यांचा एक्स-ऑर (बिट वेगळे असतील तिथे १) पुरतो. ४ पेजांचा गठ्ठा १२ क्रमांकापासून सुरू होत असेल, तर १२ एक्स-ऑर ४ म्हणजे ८. जोडीदार ८ वर आहे. तो मोकळा असेल आणि त्याचंही माप ४ च असेल, तर दोन्ही मिळून ८ वर ८ पेजांचा गठ्ठा होतो. माप तपासायला विसरू नका. जोडीदाराचा अर्धाच भाग मोकळा असताना विलीन केलं, तर दुसऱ्याच्या वापरातली पेजं पुन्हा वाटली जातात. प्रत्येक पेजमागे १ बाइटची नोंद पुरते, एकूण ३२ केबी.

तुमच्या बडीची सगळ्यात चांगली चाचणी: सुरुवातीला प्रत्येक मापाचे किती गठ्ठे आहेत ते लिहून ठेवा. मग संपेपर्यंत एकेक पेज घ्या, यादृच्छिक क्रमाने सगळी परत करा, आणि मोजणी पुन्हा करा. आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत. एखादा गठ्ठा कमी आणि दोन लहान जास्त निघाले, तर विलीन करण्यात चूक आहे.

स्लॅबचं काम यापुढे सोपं आहे. एका पेजच्या डोक्यावर छोटं शीर्षक, खाली एकाच मापाची ऑब्जेक्ट. मोकळं करताना पॉइंटरचे खालचे १२ बिट शून्य केले की शीर्षक सापडतं. तुमच्या प्रोसेस-स्ट्रक्चरचा कमाल आकडा ६४ असेल तर स्थिर ॲरे ठेवा, स्लॅब नको. हे अहवालात स्पष्ट लिहा. गुण कमी होतील अशी भीती बाळगू नका.

लॉकबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ॲलोकेटरचा लॉक धरताना त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करा. नाहीतर लॉक धरलेला असताना इंटरप्ट येईल, हँडलर मेमरी मागेल, तोच लॉक मागेल, आणि कोअर तिथेच गोल फिरत राहील. असं महिन्यातून एकदा घडतं, आणि नेमकं सादरीकरणाच्या दिवशीही घडू शकतं.

प्रश्न : क्रॅशमध्ये ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी८३ असा पत्ता दिसतो. हा कुठून येतो?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : मोकळ्या केलेल्या ऑब्जेक्टमधून. विषभरण चालू असताना स्लब मोकळं ऑब्जेक्ट हेक्सा ६बी ने भरतो, शेवटचा बाइट ए५ असतो. नव्या, अजून न भरलेल्या जागेत ५ए असतं. तुमच्या कोडने मेलेल्या ऑब्जेक्टमधून पॉइंटर वाचला, तो ६बी-६बी निघाला, आणि त्यापुढच्या फील्डला हात घातला. शेवटचा बाइट ८३ आहे, म्हणजे ६बी अधिक हेक्सा १८. तेव्हा ज्या स्ट्रक्चरकडे तो पॉइंटर असायचा, त्यातलं २४ व्या बाइटवरचं फील्ड शोधा. एक्स-८६ वर हा पत्ता वैध स्वरूपाचाच नसल्याने पेज फॉल्टऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. कुणी मोकळं केलं ते कळायला बूटच्या ओळीत स्लब-डीबगला एफझेडपीयू आणि स्वल्पविरामापुढे फक्त तुमच्या कॅशचं नाव द्या. सगळ्या कॅशना लावलं तर मशीन फार मंदावतं आणि चूक घडायची वेळच चुकते. बाणेरच्या वाचकांच्या खासगी यादीत हेच घडलं असतं तर असा कुठलाच ठसा उमटला नसता.

प्रश्न : गाडीतल्या कंट्रोलरवर फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम चालते, रॅम ६४ केबी. तिच्यातला हीप-४ हा ॲलोकेटर वापरतो. काही दिवस सलग चालवल्यावर कॅन (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणारी वाहिनी) संदेशासाठी जागा मिळत नाही, आणि तरी मोकळी हीप ११ केबी दिसते. वेगळा ॲलोकेटर लिहिणं समर्थनीय आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : इथे होय, आणि मनापासून होय. फक्त तो अगदी साधा असू द्या.

११ केबी ही बेरीज आहे, सलग जागा नव्हे. व्हीपोर्ट-गेट-हीप-स्टॅट्स बोलावून सगळ्यात मोठा मोकळा तुकडा पाहा. तो तुमच्या मागणीपेक्षा लहान असणार. हीप-४ शेजारचे मोकळे तुकडे जोडतो, पण मध्ये दीर्घकाळ जगणारं एखादं छोटं ऑब्जेक्ट बसलं की तिथे जोडणी अडते. एखाद्या रिक्षाने बोळ अडवावा तसं. लहान हीप, वेगवेगळी मापं, वेगवेगळी आयुष्यं आणि महिनोन्महिने न होणारा रीस्टार्ट, या चौघांच्या संगतीत हे आज ना उद्या होतंच.

उपाय दोन भागांत. टास्क, रांगा, टायमर यांसारख्या कायम जगणाऱ्या गोष्टी स्थिर करा. त्यासाठी स्थिर वाटपाचा पर्याय १ करून क्रिएट-स्टॅटिक प्रकारची फंक्शन्स वापरा. संदेशांसाठी एकाच मापाच्या ब्लॉकचा पूल करा. सगळे ब्लॉक सारखे, म्हणजे तुकडे पडायला जागाच नाही, आणि घेणं-देणं प्रत्येक वेळी ठरावीक वेळात. कॅन-एफडीच्या संदेशात ६४ बाइटपर्यंत माहिती असते. आयडी, वेळ आणि साखळीचा पॉइंटर धरून ८० बाइटचा ब्लॉक करा.

किती ब्लॉक? सेकंदाला कमाल किती संदेश येतात गुणिले एक संदेश जास्तीत जास्त किती वेळ धरला जातो. १००० संदेश आणि २५ मिलिसेकंद असतील तर २५. एकदम येणाऱ्या झुंडीसाठी १५ वाढवा. ४० ब्लॉक, ३२०० बाइट. पूलमध्ये आजवर सगळ्यात कमी किती ब्लॉक उरले होते तो आकडा साठवत राहा. रस्त्यावरच्या चाचणीत तो शून्यावर आला तर गणित चुकलंय. पूल रिकामा झाल्यावर काय करायचं तेही आज ठरवा. वाट पाहू नका. संदेश टाका आणि टाकलेल्यांचा काउंटर वाढवा. मिस्रा-सी २०१२ या सुरक्षित सी कोडच्या नियमावलीत डायनॅमिक वाटपाविरुद्ध निर्देश ४.१२ आणि नियम २१.३ आहेत, त्यामुळे तपासणीच्या वेळीही ही रचना समजावणं सोपं जाईल.

प्रश्न : लिनक्समध्येच इतके वेगवेगळे ॲलोकेटर आहेत. मग आम्हालाच कारण का विचारतात? आणि पॅचमध्ये नेमकं काय लिहिलं म्हणजे पटतं?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : त्या प्रत्येकाने कारण दिलेलं आहे, म्हणून. आणि जिथे कारण उरलं नाही तिथे काढूनही टाकलं आहे. लिनक्समध्ये एकेकाळी स्लॅब, स्लब आणि स्लॉब असे तीन किरकोळ ॲलोकेटर होते. स्लॉब २०२३ मध्ये आवृत्ती ६.४ ला गेला, स्लॅब २०२४ मध्ये ६.८ ला. आता एकटा स्लब उरला. तीन ठिकाणी एकच दुरुस्ती करत बसण्याचा भार खऱ्या अर्थाने जड होता.

टिकलेल्यांची कारणं पाहा, त्यांत 'आमचा वेगवान आहे' हे जवळजवळ नाहीच. झेडएसमॅलॉक हा झी-रॅमसाठी, दाबून लहान केलेली पेजं ठेवतो. ३०७२ बाइटचं ऑब्जेक्ट ४ केबीच्या एका पेजात एकच बसतं, पाव पेज वाया. झेडएसमॅलॉक ऑब्जेक्टला पेजची सीमा ओलांडू देतो, म्हणून ३ पेजांत नेमकी ४ बसतात. त्याबदल्यात तो पॉइंटर न देता हँडल देतो, आणि त्यामुळेच आतून ऑब्जेक्ट हलवून जागा आवरू शकतो. बीपीएफचा (कर्नलच्या आत चालवता येणारे छोटे प्रोग्रॅम) ॲलोकेटर २०२२ मध्ये आवृत्ती ६.१ ला आला. बीपीएफ प्रोग्रॅम एनएमआयमध्ये, म्हणजे रोखता न येणाऱ्या इंटरप्टमध्ये, किंवा खुद्द ॲलोकेटरच्या पोटातही चालू शकतो, आणि तिथे केमॅलॉक बोलावणं सुरक्षित नाही. म्हणून तो दर सीपीयूला आधी भरलेली ऑब्जेक्ट ठेवतो आणि भर नंतर निवांत जागी घालतो. लक्षात घ्या, भर घालायला तो खालच्या स्लबकडेच जातो. नेटवर्कचा पेज-पूल पेजं डीएमएसाठी (डिव्हाइसने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) मॅप केलेलीच ठेवतो, कारण दर पॅकेटला मॅप-अनमॅप महाग पडतं. जेनअॅलॉक तर चिपवरच्या एसरॅमसारखी, बडीच्या ताब्यातच नसलेली मेमरी वाटतो.

थोडक्यात कारणं चार जातींची आहेत: मेमरीच वेगळी, हाक मारण्याची जागा वेगळी, ऑब्जेक्टची तयारी महाग, किंवा माप असं की ठरलेल्या कप्प्यांत बसत नाही. तुमचं कारण यांपैकी कशातच बसत नसेल, तर बहुधा केमेम-कॅश किंवा मेमपूलने काम भागतं.

पॅचच्या संदेशात आधी अडचण लिहा, उपाय नव्हे. कुठल्या कॉन्टेक्स्टमधून मागणी येते, झोपता येतं का, माप किती, एकदम जिवंत किती, आयुष्य किती. त्यानंतर केमॅलॉक, केमेम-कॅश, मेमपूल यांपैकी काय काय वापरून पाहिलं आणि प्रत्येकाचे आकडे: किमान ३ भिन्न कोअर-संख्यांवर, आणि सरासरीबरोबर ९९ व्या शतमानाचा वेळही, म्हणजे शंभरातल्या ९९ मागण्या ज्याच्या आत पुऱ्या होतात तो. सरासरी सुंदर आणि शेपूट लांब असं ॲलोकेटरच्या बाबतीत फार वेळा होतं. मग मेमरीची टंचाई मुद्दाम आणून पाहिल्याचं लिहा: सीग्रुपला (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणारी सोय) कमी मर्यादा द्या, किंवा फॉल्ट-इंजेक्शनमधलं (मुद्दाम चुका घडवणारी सोय) फेलस्लॅब चालू करून वाटप नापास करा आणि परतीच्या वाटा तपासा. शेवटी कासानला तुमच्या पूलची ओळख कशी करून दिली, म्हणजे परत आलेल्या ऑब्जेक्टवर विषाची खूण कुठे लावता आणि देताना कुठे पुसता, आणि टंचाईत साठा परत द्यायला श्रिंकर कुठे आहे, ते फाइल आणि फंक्शनच्या नावानिशी द्या. कासान आणि श्रिंकरबद्दलचे हे दोन परिच्छेद नसलेला पॅच बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत परत येतो.